दुःख मुरवायचं की बोलायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी आई साडेतीन वर्षं अंथरुणाला खिळून होती. ती गेली त्या पहाटे माझ्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटलो'. कोण सुटलं, ती की मी, हे मला आजही नीट सांगता येत नाही. तेरा दिवस भेटायला येणाऱ्यांना मी 'आई देवमाणूस होती' एवढंच सांगत राहिले. चौदाव्या दिवशी पाठ धरली, ती सहा महिने सुटली नाही.

पुढं मी लिहू लागले. मग माझ्याबरोबर शेजारच्या दोघी बसू लागल्या. आता बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी महिन्यातून एका शनिवारी दहा-बारा जण जमतात. कुणी अनगोळ-वडगावचं, कुणी खानापूरकडचं, कुणी निपाणीहून एसटी धरून आलेलं. कुणी लिहितं, कुणी शिवतं, कुणी नुसतं बसतं. मी मराठी शाळेची निवृत्त शिक्षिका, डॉक्टर नव्हे. फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली.

बोलून काय होतं? गेलेलं माणूस परत येतं काय?

येत नाही. हा प्रश्न विचारणाऱ्याला मी आधी चहा देते, कारण बहुतेक वेळा तो प्रश्न नसतो, राग असतो.

तरीही उत्तर द्यायचं तर असं. टेक्सासमधले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग छापला. कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींना साध्यासुध्या विषयावर, काहींना आयुष्यातल्या सगळ्यांत जिव्हारी लागलेल्या गोष्टीवर. ज्यांनी घडलेलं आणि त्या वेळी वाटलेलं, दोन्ही लिहिलं, त्यांना लिहून झाल्या झाल्या जास्तच वाईट वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या.

एवढंच सांगून थांबले तर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जोडीदार गमावलेल्या माणसांवर हेच तपासलं, तेव्हा लिहिल्या-बोलल्यानं दुःख लवकर ओसरतं असं काही आढळलं नाही. म्हणजे लिहिणं हे काही औषधाची गोळी नव्हे. ज्याचं दुःख आपल्या वाटेनं वाहतंय त्याला वहीची गरजही नसते. ज्याच्या पोटात एखादी गोष्ट अडकून बसलीय, जी त्यानं कुणालाच सांगितलेली नाही, त्याच्यासाठी ही बैठक आहे. मी तशी होते.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट कसं बोलायचं? पाप लागेल की.

हा आमच्याकडचा सगळ्यांत मोठा प्रश्न. खालच्या आवाजात विचारला जातो, बहुधा जाताना, चपला घालता घालता.

माझी आजी खानापूर तालुक्यातली. तिच्या गावात मयत झाली की सासरहून येणारी लेक वेशीपासूनच हेल काढायची. लहानपणी मला त्याची भीती वाटायची आणि शाळेत गेल्यावर लाज. पुष्कळ वर्षांनी कळलं की त्या हेलात नुसतं रडणं नसायचं. 'दोन दिवाळ्या झाल्या, न्यायला आला नाहीस', 'थोरलीला पाटल्या केल्यास, मला विसरलास', 'दारू पिऊन आईला मारलंस तेबी आठवतंय', असा सगळा हिशोब त्यात यायचा. भर अंगणात, गावासमोर. आणि कुणी तिला गप्प करायचं नाही. एरवी ज्या बाईनं बापासमोर मान वर केली नाही, तिला त्या दिवशी बापाला जाब विचारायची मुभा होती. माया आणि तक्रार एकाच सुरात. आजूबाजूच्या कन्नड घरांतल्या बायकाही अशाच गाऊन रडतात.

आपण शिकलो, फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि हेल काढणं गावंढळ ठरवलं. त्याच्या जागी काय आणलं? 'मनमिळाऊ, परोपकारी स्वभाव, कधी कुणाला दुखावलं नाही.' वर्तमानपत्रातली निधनवार्ता वाचावी तर सीमाभागात एकही चिडका माणूस कधी मेलेला नाही.

आईबद्दल मी पहिल्यांदा खरं लिहिलं ते असं: 'तू मला शेवटच्या वर्षी ओळखत नव्हतीस. भावाला मात्र ओळखत होतीस, जो महिन्यातून एकदा यायचा. तुझी लघवीची चादर बदलताना मी एकदा तुला मुद्दाम जोरात वळवलं. तू कण्हलीस.' हे वाक्य लिहायला मला चार शनिवार लागले. लिहून झाल्यावर आईबद्दलची माया कमी झाली नाही. उलट ती करायची तशी तांदळाची पेज, वर तुपाची धार, हे सगळं त्यानंतरच आठवायला लागलं. तोवर ती चादर मध्ये आडवी होती.

तेव्हा पापाचं मला ठाऊक नाही. पण खोटी स्तुती करत राहिलं की खरं माणूस हातचं जातं, एवढं मी पाहिलंय.

लिहायला बसले की पान कोरंच राहतं. सुरुवात कशानं करू?

वस्तूनं. 'दुःख', 'पोरकेपण', 'काळाचा घाला' हे शब्द आमच्याकडं पहिले तीन महिने बंद आहेत. 'देवाज्ञा' आणि 'पुण्यात्मा' कायमचे बंद.

घरात त्या माणसाची एक वस्तू अजून जागची हललेली नसते. चष्म्याचं घर, पानाची चंची, स्कूटरची किल्ली, अर्धी संपलेली गोळ्यांची पट्टी. ती समोर ठेवा आणि तिच्याबद्दल पाच ओळी लिहा. कुठून आणली, कोण हात लावायचं, आता कुठं पडलीय. माणूस आपोआप त्या वस्तूच्या मागून येतं. दुसरी वाट म्हणजे शेवटचा साधा दिवस. आजाराचा किंवा अपघाताचा दिवस नको, त्याच्या आदला साधा दिवस. काय जेवलात, कशावरून वाद झाला.

एक काकू 'प्रिय अहो' लिहून तीन बैठका थांबल्या होत्या. चौथ्या वेळी लिहिलं, 'गॅसचं पुस्तक कुठं ठेवलंय?' आणि पुढं अकरा पानं.

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात म्हणे. मी कितव्या पायरीवर आहे?

नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार या त्या पायऱ्या. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी त्या १९६९ मध्ये मांडल्या, तेही मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या. जिना समजून चढायला जाऊ नका.

आमच्या घरातले पुरुष बोलतच नाहीत. त्यांचं काय करायचं?

पुरुषाला आपण तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाच्या गडबडीत घालतो, मग उत्तरकार्याच्या खर्चात, मग दाखल्यांच्या रांगेत. मरणाची नोंद एकवीस दिवसांत करायची असते, त्याला तेवढं पक्कं माहीत असतं. रडायचं कधी, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. 'तूच असा खचलास तर घर कोण बघणार?' हे वाक्य बोलणारे मात्र गल्लीभर असतात.

अशांना मी तुकोबांची आठवण देते. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको आणि मुलगा गेला. धंदा बुडाला, मान गेला, बायको अन्न अन्न करत मेली आणि मला जिवाची लाज वाटली, असं त्यांनी स्वतःच्या अभंगात उघड सांगितलंय. रोज हरिपाठ म्हणणाऱ्या माणसाला हे दाखवलं की तो जरा वेळ गप्प बसतो. ते गप्प बसणं वेगळं असतं.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचंच, धारवाडच्या द. रा. बेंद्र्यांचं. मराठी बोलणाऱ्या घरातला हा माणूस कन्नडचा महाकवी झाला, १९७३ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. पोटची मुलं गमावण्याचं दुःख त्यांच्या वाट्याला पुन्हा पुन्हा आलं. 'नी हींग नोडब्याड नन्न', म्हणजे 'तू अशी बघू नकोस माझ्याकडं', ही त्यांची कविता त्यातूनच आलेली. बायकोच्या नजरेला नजर देऊ न शकणारा बाप तिथं आपलं मोडून पडणं लपवत नाही. आमच्या बैठकीत एका रिक्षावाल्या अण्णांनी ती मोबाइलवर लावली. त्यांना दोन्ही भाषा येतात. अर्ध्यातच बाहेर गेले आणि रिक्षा पुसत राहिले. पुढच्या महिन्यात येऊन मुलाबद्दल बोलले, तेही माझ्याकडं न बघता, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघून.

समोरासमोर बसवून 'मन मोकळं करा' म्हटलं की पुरुष आणखी मिटतो. शेजारी बसून काहीतरी काम करता करता बोलतो. ऊस तोडताना, गाडी धुताना, बांध घालताना. शेंगा सोलायला दिल्या तरी चालतं.

मला लिहिता-वाचता येत नाही. मी येऊ का?

तुम्हीच या. खरं तर ही विद्या तुमच्याकडूनच आलीय.

जात्यावर बसलेली बाई पहाटे ओवी म्हणायची तेव्हा घर झोपलेलं असायचं. सासूचं, नवऱ्याचं, मेलेल्या लेकराचं, जे कुणाला सांगता येत नव्हतं ते जात्याला सांगायची. गिरणी आली, हाताचे घट्टे गेले, फार बरं झालं. पण ती पहाटेची बोलायची जागाही त्याबरोबर गेली आणि तिची भरपाई कुणी केली नाही. निपाणीकडच्या एक मावशी आयुष्यभर विड्या वळत आल्या. त्यांनी लेकीवर ओव्या जुळवल्यात, विड्या वळायच्या ठेक्यावर. आम्ही फोनवर रेकॉर्ड करून घेतल्या. यमक कुठं जमतं, कुठं नाही. कुणी हरकत घेतली नाही.

आणि वाकळ, म्हणजे गोधडी. आईचं जुनं लुगडं वाकळेला लावायची पद्धत आपल्याकडं आहेच, वापरून वापरून ते कापड मऊ झालेलं असतं. माझ्या मावशीनं आईच्या चार लुगड्यांची वाकळ शिवायला घेतली. पहिलं लुगडं फाडताना तिचा हात थांबला. 'अक्का ओरडेल की गे', म्हणाली. मग फाडलं, आणि त्या टरकन आवाजाला आम्ही दोघी रडलो. अंत्ययात्रेतही इतकं रडलो नव्हतो. टाके घालता घालता मावशीनं मला आईच्या लग्नाआधीच्या गोष्टी सांगितल्या, ज्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या. आईला एक स्थळ आवडलं होतं आणि ते मोडलं. वाकळ अजून पुरी झालेली नाही. मावशी म्हणते, घाई काय आहे.

खानापूरकडचे कुणी असतील तर मातीही घेऊन येतात, तिकडं कुंभारकाम जुनं. आमच्यात एका मुलानं बाबांचा हात करायचा प्रयत्न केला. झाला तो पंजा कुणाचाच वाटेना. त्यावर आम्ही सगळे हसलो, तोही हसला. मोडून परत गोळा केला.

चांगलं जमलं नाही तर? मी काही लेखक नव्हे.

कडोलीपासून येळ्ळूरपर्यंत आपल्या खेड्यापाड्यांत साहित्य संमेलनं भरतात. मला त्यांचा अभिमान आहे, पण तिथलं व्यासपीठ वेगळं आणि आमची सतरंजी वेगळी. इथं कुणी 'वा' म्हणत नाही. 'वा' म्हटलं की पुढच्या वेळी माणूस 'वा'साठी लिहितं.

मराठीत लिहायचं की कन्नडमध्ये?

ज्या भाषेत रडू येतं तीत. हे मी ठामपणे सांगते, आणि माझं घर सीमालढ्यातलं, बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढलेलं आहे हेही सांगते.

आपल्याकडं दवाखान्यात डॉक्टर कन्नडमधून बोलतात, दाखला कन्नडमध्ये येतो, भजन मराठीत होतं आणि औषधाच्या बाटलीवर इंग्रजी. एका बहिणीला भावाच्या मरणाचा शब्द म्हणून 'होगिबिट्टा' हाच आठवतो, म्हणजे 'गेला'. वॉर्डातल्या नर्सनं तो उच्चारला होता. तिनं तो तसाच, देवनागरीत लिहिला. 'निधन पावला' लिहिलं असतं तर ती खोली, तो वास, ती नर्स काहीच आलं नसतं.

आणखी एक गोष्ट. सार्वजनिक दुःखाची भाषा आपल्याला उत्तम येते. दर १७ जानेवारीला सीमालढ्यातल्या १९५६ च्या हुतात्म्यांना अभिवादन, १ जूनला कन्नडसक्तीविरोधातल्या हुतात्म्यांसाठी हिंडलग्याचं स्मारक, हे सगळं आपण पिढ्यान् पिढ्या केलं आणि करायलाच हवं. पण त्याचा परिणाम असा की घरातल्या माणसासाठीही आपल्या तोंडी भाषणच येतं. माझ्या वडिलांनी आपल्या सख्ख्या भावावर लिहिलेलं पान मी पाहिलंय. सुरुवात होती, 'बंधू आणि भगिनींनो'.

तुमची घरची बोली आणा. आमच्या बेळगावात बायकाही 'मी येतो, मी करतो' म्हणतात. मीही घरी तसंच बोलते. इथं शाळेची भाषा वापरली, ती निभावून घ्या.

कुणाला सांगायचं? सगळ्यांना सांगून बसलं तर गल्लीत चर्चा होते.

होते. मोकळेपणा म्हणजे दारं-खिडक्या सताड उघडणं नव्हे. एकच माणूस निवडा. जो मध्ये 'आमच्यातही असंच झालं' म्हणत नाही, जो उपाय सांगत नाही, आणि ज्याचा तुमच्या घरच्या वाटणीत हिस्सा नाही. शेवटची अट मी अनुभवानं घातलीय. सातबाऱ्याचं भांडण चालू असताना सख्ख्या भावापाशी केलेली कबुली नंतर वकिलाच्या तोंडून ऐकावी लागलेली माणसं मी पाहिलीत.

बैठकीतलं बाहेर जात नाही, असा आमचा नियम आहे. एकदा तो मोडला, माझ्याच हातून. एका बाईंची गोष्ट मी नाव न घेता भाचीला सांगितली आणि भाचीनं ओळखली. त्या बाई परत आल्या नाहीत. मी घरी जाऊन माफी मागितली, त्यांनी पाणी दिलं, पण आल्या नाहीत.

लहान पोरांना काय सांगायचं?

'मेले' हा शब्द. 'बाबा गावाला गेलेत' म्हटलं की पोर रोज संध्याकाळी बसच्या वेळेला दारात जाऊन बसतं. 'देवाला आवडले' म्हटलं की देवाला घाबरतं, आणि आपण कुणाला आवडू नये म्हणून वेड्यासारखं वागतं. शरीर चालायचं बंद झालं, आता त्यांना दुखत नाही, ते परत येणार नाहीत, एवढं सरळ सांगा. ते ऐकून पोर खेळायला पळालं तर निष्ठुर समजू नका. पुन्हा येऊन तेच विचारेल. तेच उत्तर द्या. आणि चित्र काढलं तर 'हे काय काढलंस?' न विचारता शेजारी बसा.

घरात एकानं जीव दिलाय. लोकांना हार्ट अटॅक सांगितलंय. आता?

लोकांना काय सांगायचं हा तुमचा हक्क. पण घराच्या आत, मोठी मुलं धरून, एकमेकांशी खोटं बोलू नका. त्या खोट्याची राखण करता करता घर दमून जातं. 'मला दिसलं कसं नाही?' हा प्रश्न वहीत लिहा, पण रात्री एकट्यानं लिहू नका.

आणि हे दुःख माझ्या सतरंजीवर भागण्यातलं नाही. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठी आणि कन्नड दोन्हींत. जीव नकोसा झाला असेल तर आधी तो लावा, बैठक नंतर.

वर्ष झालं, अजून सावरत नाही. डॉक्टरकडं जावं का? आणि मध्येच हसू आलं तर ते खोटं का?

हसू खोटं नसतं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलं की दुःखातलं माणूस झोक्यासारखं हलत असतं. कधी गेलेल्याकडं, कधी रोजच्या जगण्याकडं. दोन्ही हेलकावे लागतात. सारखं आठवणीतच बसवणारी वही असेल तर ती मिटा आणि भात लावायला जा.

डॉक्टरचं म्हणाल तर: ओढ रोज तितकीच तीव्र, माणूस गेलंय हे मनाला पटतच नाही, काम-जेवण-माणसं सगळं सुटलंय, आणि हे महिनोन् महिने. याला आता वैद्यकशास्त्रात लांबलेला शोक म्हणून वेगळं नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत त्याला किमान सहा महिन्यांची अट आहे, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत मोठ्यांसाठी वर्षाची. त्यावर बोलण्याचे उपचार आहेत. धारवाडची डिमहान्स ही मनोविकारांची सरकारी संस्था आपल्यापासून दोन तासांच्या आत आहे. तिथं गेल्यानं कुणी वेडं ठरत नाही, हे मला अजूनही दर बैठकीला सांगावं लागतं.

स्टेटसला फोटो ठेवावा का?

ठेवा. फक्त कुणी कुणी बघितलं हे मोजत बसू नका.

लिहिलेल्याचं काय करायचं? जाळायचं, की नदीत सोडायचं?

मलप्रभेत लोक पुष्कळ काही सोडतात, त्यात तुमची वही नको. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तर नकोच. काही जण चुलीत घालतात, काही जण ट्रंकेत ठेवतात. ठेवणार असाल तर वर लिहून ठेवा की ती कुणी वाचायची. माझ्या वहीवर मुलीचं नाव आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.

शनिवारी येताना काय आणायचं?

चालणारं पेन. वही नसली तर शाळेच्या उरलेल्या वह्या आहेत. कुणी शिवणार असेल तर सुई आपली आणा, आमच्याकडच्या बोथट झाल्यात. फोन बंद. येताना कुंदा वगैरे मिठाई आणू नका, आणलीच तर सगळ्यांना पुरेल एवढी आणा. रडायला आलं तर पाठ थोपटणारं कुणी मिळणार नाही, आम्ही तसं ठरवलंय. पाण्याचा तांब्या कोपऱ्यात आहे. मावशी खिडकीपाशी वाकळ घेऊन बसलेली असते, तिच्याशी बोललंच पाहिजे असं नाही. पण एक बाजू धरायला सांगितली तर धरा.